जहाजावर मिळालेला मान

दगडाबाईला तिच्या लेकानं जहाजात बसवून समुद्रातली बेटं दाखवायला नेलं, ही गोष्ट आमच्या बोरीत अजून कौतुकानं सांगतात. पारावर बसणारी म्हातारी माणसं आपापल्या पोरांना टोमणे मारताना योगीराजचं नाव घेतात. "बघा रे, मायला इमानात बसवलं, जहाजात बसवलं. तुमच्यानं आमाला मोटारसायकलवर जिंतूरला नेणं हुईना." हे कानावर आलं की मी घरात येऊन भांडी जरा जोरातच आपटते. खरं काय झालं ते दगडाबाईला ठाऊक आहे आणि मला. योगीराजलाही ठाऊक आहे, पण तो कशाला सांगतोय.

मी बबिता. जन्मभर गावच्या अंगणवाडीत पोरांची नाकं पुसली, आता घरी बसले आहे. माझ्या आणि दगडाबाईच्या घरात एकच भिंत आहे, तीही अशी की तिकडं फोडणीत लसूण पडला की इकडं समजतं. तोंडावर मी तिला काकू म्हणते. सून होऊन या गल्लीत आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती, ती हिनं शिकवली. तेव्हा तिच्याबद्दल मी तटस्थपणे वगैरे काही लिहिणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

तिचं माहेर पालमकडचं. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हिचं नाव दगडा ठेवलं. दगडाला कोण कशाला उचलून नेईल, असा त्यांचा हिशेब. तो बरोबर निघाला. पोरगी जगली, बोरीत दिनकररावांच्या घरात पडली आणि नांदली. योगीराज पाचवीत असताना विहिरीवरची मोटर चालू करायला गेलेले दिनकरराव शॉक लागून गेले. भावकीनं शेत कसायला मागितलं. दगडाबाई म्हणाली, "शेत माझं हाय, तुमी बांधावर उभं राहून बघा." आणि खरंच तिनं ते करून दाखवलं. कापूस, सोयाबीन, तूर, दाराशी एक म्हैस. पोरगा परभणीला शिकायला गेला तेव्हा ती रोज सकाळी परभणीच्या एसटीत ड्रायव्हरजवळ त्याचा डबा ठेवायची. गाडी निघायच्या वेळी डबा घेऊन पळणारी दगडाबाई सगळ्या फाट्यानं पाहिलेली आहे. ड्रायव्हर बदलले, गाड्या बदलल्या, डबा चुकला नाही.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडं आईला माय म्हणतात, आणि माय ही 'तू'च असते. मधे एक गुरुजी बदलून आले होते, त्यांची पोरं 'अहो आई, जेवायला वाढा' असं म्हणायची. मला ते फार आवडलं. मी अंगणवाडीतल्या पोरांना तसं शिकवायला घेतलं तर दगडाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"आगं बबिता, मायला आहो म्हंजे काय ती पाव्हणी हाय का? आहो म्हनावं पाव्हण्याला. त्याला चहा पाजावा, दोन गोड बोलावं न् वाटंला लावावं."

योगीराज पुण्यात मोठ्या कंपनीत साहेब झाला, गाडी घेतली, फ्लॅट घेतला. पण फोनवर 'माय, जेवलीस का गं?' हेच. ती मुद्दाम फोनचा आवाज मोठा करायची, भिंतीपलीकडं मला ऐकू जावं म्हणून. मग संध्याकाळी विचारायची, "आयकलंस का? एवढा शिकला, पर तसाच बोलतो." तिला दुसरं काही नको होतं. त्या 'तू'वर तिचं पोट भरायचं.

सून राजेश्री जिंतूरच्या वकिलाची मुलगी. तीही नोकरीवाली. मुलगी सृष्टी दीड-दोन वर्षांची झाली, राजेश्रीची वाढवून घेतलेली रजा संपली, आणि लेकरू सांभाळायला ठेवलेल्या बाया काही टिकेनात. तेव्हा योगीराजला मायची जास्त आठवण यायला लागली. मी हे तेव्हाच बोलून दाखवलं होतं, आणि दगडाबाई माझ्याशी तीन-चार दिवस बोलली नव्हती.

"माय, आता कायमचीच चल पुण्याला," त्याचं सुरू झालं. ती 'बघू' म्हणायची. 'बघू' म्हणजे आमच्याकडं नाहीच. मग गेल्या डिसेंबरात त्यानं जहाजाचं काढलं. त्याच्या कंपनीतले मोठे साहेब आणि त्यांचं कुटुंब, यांच्यासोबत सुट्टीत सिंगापूरहून जहाजात बसायचं, मलेशियाची, थायलंडची बेटं बघत फिरायचं. "तूबी चल, माय. जिंदगीत काय बघितलंस तू? जहाज बघ, समुद्र बघ. आणि तिथून आल्यावर घराला कुलूप लाव."

ती विरघळली. पासपोर्टासाठी परभणीला हेलपाटे घातले. म्हैस लिंबाजीला विकली, दारातल्या दारात, आमच्या समोरच्याच घरी. शेतही पाडव्यापासून त्यालाच बटईनं, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, कसायला द्यायचं ठरलं. गोठा झाडून मोकळा केला त्या दिवशी ती मला म्हणाली, "लेकाच्या हाती जिंदगी द्यायची, त्यात काय भ्यायचं? माय म्हणतो न्हवं तो मला?" सगळं घरदार तिनं एका हाकेच्या भरवशावर सोडायला काढलं होतं.

जहाज जाणार त्या बेटांपैकी एकाचं नाव लंकावी. योगीराजनं फोनवर तसंच सांगितलं होतं. पण आमच्या गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना त्यातला 'वी' गळून पडला आणि दगडाबाई लंकेला चालली अशी हवा झाली. मी नकाशा काढून समजावलं, ती लंका वेगळी, ही वेगळी. ऐकतंय कोण! सगुणाबाई म्हणाली, "बबिता, तू पोरास्नी क का कि की शिकव. लंका आमाला मालूम हाय." मग ज्या त्या बाईला लंकेतलं काहीतरी हवं झालं. शेवटी ठरलं की दगडाबाईनं सीतामाईच्या अशोकवनातली चिमूटभर माती आणायची, ती सगळ्यांच्या तुळशीत घालायची. विधवा बाईची ओटी भरायची सोय नव्हती, तरी पार्वतीबाईनं तिच्या हातात नारळ दिलाच. तो नारळ विमानतळावर काढून घेतला, ही पुढची गोष्ट.

विमानतळावरच दीपिकाबाई भेटल्या. योगीराजच्या साहेबांची बायको. हसतमुख, मोकळी बाई, दगडाबाईच म्हणते तसं. सोबत त्यांचा तीन वर्षांचा मुलगा. नऊवारीतली, कपाळावर गोंदलेली, काखेत सृष्टीला घेतलेली दगडाबाई बघून त्या एकदम खूश झाल्या.

"अरे वा, मावशींना पण आणलंत! फार छान केलंत हं."

आता पुण्यात मावशी कुणाला म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. भांडी घासायला येते ती मावशी, पोळ्या करून जाते ती मावशी, लेकरं सांभाळते ती मावशी. दगडाबाईला कुठून माहीत असणार? बोरीत मावशी म्हणजे आईची बहीण. एखाद्या पोरीनं मावशी म्हटलं की ती तुमची भाची झाली, तिला घरी आली तर चोळीचा खण देणं आलं, तिच्या लेकराच्या हातावर काहीतरी ठेवणं आलं. दगडाबाईचा ऊर भरून आला. एवढी मोठी साहेबीण, पहिल्या भेटीत मावशी म्हणते! तिनं पिशवी सोडून धपाटे काढले, शेंगदाण्याची चटणी काढली. दीपिकाबाईंनी उभ्या उभ्या खाल्ले.

"मावशी, काय चव आहे तुमच्या हाताला! मी पळवूनच नेणार तुम्हाला."

"ने की लेकी," दगडाबाई म्हणाली. "बहिणीची लेक तू, तुझ्या घरी यायला मला कोण आडवतंय?"

दीपिकाबाई खळखळून हसल्या. मग राजेश्रीकडं वळून म्हणाल्या, "किती गोड बोलतात गं. तुमच्याकडे कधीपासून आहेत?"

राजेश्रीनं योगीराजकडं पाहिलं. योगीराज बॅगांना चिठ्ठ्या लावत होता.

"पहिल्यापासूनच आहेत," राजेश्री म्हणाली.

दगडाबाईनं हे ऐकलं होतं. मला सांगताना म्हणाली, "मला त्याच्यात खटकण्यासारखं काय दिसलं न्हाई बघ. लेकाकडं माय पहिल्यापासूनच असती न्हवं?"

जहाज म्हणजे काय, आख्खं जिंतूर पाण्यावर ठेवलंय म्हण, असं तिनं मला सांगितलं. लिफ्ट, बाजार, गाणी, पोहायचे हौद, आणि केव्हाही जा, जेवायला तयार. योगीराजची खोली समुद्राच्या बाजूची, साहेबांचीही तशीच, बाहेर बसायला सज्जा. दगडाबाईची आणि सृष्टीची खोली आतल्या बाजूला, बिनखिडकीची. पुढं दीपिकाबाईंचा मुलगाही दुपारी तिथंच झोपायला यायला लागला, मग संध्याकाळीही, मग त्याचे कपडेच तिथं आले. खोलीत दिवा मालवला की दिवस की रात्र कळायचं नाही. तिला वाटलं, बरंय, मला पाणी बघून गरगरतंच. आपलं माणूस काही करतं तेव्हा त्याच्या बाजूनं कारणं शोधायची तिची सवय जुनी आहे. भावकीला जिनं बांधावर उभं केलं, ती ही बाई. लेकापुढं मात्र तिची जीभ कधी चालली नाही.

जेवायला मोठी माणसं उशिरा जायची. लेकरांना आधी भरवून घे आणि तूही त्यांच्यासोबत जेवून घे, असं योगीराजनं सांगितलं. तिला एक गोष्ट मात्र टोचायला लागली. खोलीत आला की तो तिला माय म्हणायचा. बाहेर, चारचौघांत, तो तिला काहीच म्हणत नव्हता. ना माय, ना आई. लांबून हाक मारायची वेळ आली तर तो उठून जवळ यायचा, आणि हळू आवाजात, पुस्तकातल्यासारखं बोलायचा. 'सृष्टीला जरा आत न्यायचं का?' असं. कोण नेणार, हे त्या वाक्यात नसायचंच. मी शाळा शिकवलेली बाई. कर्ता गाळून वाक्य करता येतं हे मला माहीत होतं, पण आपल्या आईला असं गाळता येतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नसतं.

तिनं एका दुपारी विचारलं, "योगी, तू बाहेर मला माय का म्हणत न्हाईस रं?"

"तसं काय न्हाई, माय. सायबांपुढं जरा नीट बोलावं लागतं."

"मग नीट म्हण. आई म्हण."

तो हसला आणि तिचे खांदे दाबून गेला. चांगले दाबतो तो खांदे, लहानपणापासून.

लंकावीचा दिवस आला. तेवढं एक बेट तरी मला उतरून बघू दे, असं तिनं आधीपासून सांगून ठेवलं होतं, आणि त्यानं कबूलही केलं होतं. बाकीची दोन बेटं तिनं जहाजाच्या कठड्यापासूनच पाहिली होती, एक लेकरू कडेवर, एक बोटाला. त्या दिवशी ती इरकली नऊवारी नेसून, माती बांधायला फडक्याचा तुकडा कनवटीला खोचून, सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसली. आणि दीपिकाबाईंच्या मुलाला कणकण आली. औषध देऊन त्याला निजवलं होतं. उन्हात न्यायचं कसं? मग सृष्टीला तरी कशाला उन्हात न्यायचं?

"माय, आजच्या दिवस थांब. आपण परत कधीतरी येऊ की."

"मला माती न्यायची हाय रं. आख्खी गल्ली वाट बघायली."

"मी आणतो ना."

ते गेले. संध्याकाळी आले तेव्हा तिच्यासाठी त्यानं त्या बेटाची खूण म्हणून फ्रिजला चिकटवायचा एक प्लास्टिकचा गरुड आणला. तिच्या घरी फ्रिज नाही. माती विमानतळावर पकडतात, असं तो म्हणाला, आणि ते खरंही असेल. पण ते सकाळी माहीत नव्हतं का? तिनं ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जहाजावरच्या एका कुंडीतून, कुणी बघत नाहीसं पाहून, मूठभर माती फडक्यात बांधली. लंकेवरून आलेल्या जहाजातली तरी आहे, असं तिनं मनाचं समाधान केलं.

सृष्टी तेव्हा नुकती शब्द जुळवायला लागली होती. दगडाबाई दिवसभर तिच्यामागं, 'आजी म्हण, आ-जी.' आणि लेकरू दिवसभर ऐकत काय होतं? दीपिकाबाई म्हणायच्या मावशी, त्यांचा मुलगा म्हणायचा मावशी. एका सकाळी दूध पिता पिता सृष्टीनं दगडाबाईच्या गालाला हात लावला आणि स्पष्ट म्हणाली, "मावशी." योगीराज तिथंच होता. दगडाबाई म्हणाली, "आगं, आजी हाय मी तुझी, मावशी त्या काकूची." तो म्हणाला, "म्हणू दे माय, लहान हाय."

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी जहाजावर मोठी मेजवानी होती. दीपिकाबाई भारी रेशमी साडी नेसल्या होत्या. मुलानं त्यांच्या मांडीवर सूप सांडलं. सकाळी सगळ्यांचं सामान बांधणं चाललं होतं, योगीराज-राजेश्री दगडाबाईच्या खोलीत सृष्टीचे कपडे गोळा करत होते, तेव्हा दीपिकाबाई ती साडी हातात घेऊन आल्या. साहेबही मागं दारात उभे राहिले.

"मावशी, ही तुम्हाला. एकदाच नेसलेय. एवढासा डाग आहे, लिंबू-बिंबू लावलंत की निघेल. तुम्ही होतात म्हणून आम्हाला सुट्टी तरी मिळाली."

दगडाबाईच्या हातात तेव्हा चोळीचा खण होता. बोरीहून सोबत आणलेला, कोरा, घडी न मोडलेला. निघताना भाचीला द्यायचा म्हणून तिनं तो पिशवीतून काढला होता. ती डागाकडं बघत राहिली. मावशीला कुणी उतरलेलं लुगडं देत नाही. नेसून उतरलेलं, डागाळलेलं लुगडं आमच्याकडं कुणाला देतात हे तिला चांगलं माहीत होतं, तिनंही दिलेलं होतं. भिंती सारवायला येणारीला द्यायचं, जुंधळे निवडायला येणारीला द्यायचं. विमानतळापासूनची सगळी वाक्यं तिला एकदम उलगडली. तुमच्याकडे कधीपासून आहेत. पहिल्यापासूनच आहेत.

तिनं लेकाकडं पाहिलं. आता हा बोलेल, असं तिला वाटलं. 'मॅडम, ही माझी आई' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? साहेब दारात, मॅडम साडी पुढं करून उभ्या, राजेश्री खाली बघत बॅगेची चेन ओढतेय.

योगीराज म्हणाला, "घ्या."

दगडाबाईनं मागं वळून पाहिलं. तिला वाटलं, मागं कुणीतरी उभं आहे आणि हा त्या माणसाशी बोलतोय. मागं भिंत होती.

"घ्या ना," तो पुन्हा म्हणाला, छान हसून, पुण्याच्या स्वच्छ मराठीत. "मॅडम एवढ्या प्रेमानं देतायत. घ्या."

जन्माला आल्यापासून त्यानं तिला पहिल्यांदा अहो-जाहो केलं. तिनं साडी घेतली. खण पिशवीत परत ठेवला. दीपिकाबाईंना त्यातलं काही कळलं नाही, आणि माझा राग त्या बाईवर नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही तर त्या काय करणार? राजेश्रीवर थोडा आहे. सगळा आहे तो योगीराजवर. त्याला गोंदलेल्या कपाळाची लाज वाटली, की पहिल्या दिवशी गप्प बसला आणि मग रोज तोंड उघडायला जड जात गेलं, ते मला माहीत नाही आणि मला त्याची बाजू समजून घ्यायची इच्छाही नाही. भर बाजारात त्यानं तिला शिवी दिली असती तरी ती हसून पोटात घालती. 'मुडद्या, कुठं शिकलास' म्हणाली असती. त्यानं तिला मान दिला. त्याचं काय करायचं?

ती बोरीला आली तेव्हा आख्खी गल्ली फाट्यावर. बायकांनी तिच्या पायांवर पाणी घातलं, कारण लंकेहून आलेली बाई. तिनं फडकं सोडलं आणि सगळ्यांना चिमूट चिमूट माती वाटली. अशोकवनातली का, असं सगुणाबाईनं विचारलं. दगडाबाई म्हणाली, "लेकानं हाताला धरून नेलं मला तिथं." ती कुंडीतली माती आज बोरीतल्या कितीतरी तुळशींत आहे. माझ्याही आहे.

घर आवरून ठेव, पंधरा-वीस दिवसांनी गाडी घेऊन न्यायला येतो, असं योगीराज सांगून गेला होता. ती आवरायला लागण्याऐवजी लिंबाजीच्या दारात जाऊन उभी राहिली. "म्हैस परत दे." लिंबाजी म्हणाला, "आहो, तुमी तर पुण्याला जायलात." "कोण म्हणलं? शेतबी बटईनं द्यायचं न्हाई मला." मला काहीच कळेना. मग एका सकाळी मी पाणी भरायला बाहेर आले तर ही गोठ्यात म्हैस पुसत होती. हातात मोरपंखी रेशमी साडीचा फाडलेला तुकडा, जरीच्या काठासकट.

"काकू, ह्ये काय करायलीस? रेशीम हाय ते!"

"आहेर हाय मला. जहाजावरचा."

आणि मग तिनं, म्हशीचं अंग पुसता पुसता, पहिल्यापासून सगळं सांगितलं. रडली नाही. मीच रडले, आणि शिव्याही दिल्या. ती म्हणाली, "शिव्या देऊ नगंस. घरी येणाऱ्या पाव्हण्याला शिव्या द्याव्यात का?"

मला ते तेव्हा समजलं नाही. पाहुणा कोण, असं मी विचारलंसुद्धा.

तो आला रविवारी. राजेश्री, सृष्टी, नवी गाडी, मागची डिकी मायच्या सामानासाठी रिकामी. मी दगडाबाईच्या ओसरीवर बसले होते. तो नेहमीसारखा दारातूनच ओरडला, "माय, आवरलंस का गं?"

दगडाबाई उठून उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला.

"या," ती म्हणाली. "बसा. परवास बरा झाला न्हवं?"

तो हसला. "काय गं माय, मला आहो काय म्हणायलीस?"

"पाय धुवा. पाणी ठिवलंय."

सतरंजी अंथरलेली होती. लोडही लावून ठेवला होता. या घरात योगीराजचा एक स्टीलचा गिलास आहे, नाव कोरलेला, शाळेपासूनचा. त्याला चहा त्याच गिलासात लागतो. दगडाबाईनं फळीवरून पाहुण्यांचे कप उतरवले, फुलाफुलांचे, खाली बशी असलेले. तलाठी आले, बँकेचे साहेब आले, की निघायचे ते. ट्रेमध्ये ठेवून तिनं चहा त्याच्यापुढं आणला. त्यानं कपाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्याचं हसणं तोंडावरच राहिलं, पण आतून गेलं होतं.

"माय, ते जहाजावर... मी त्या दिवशी..."

"घ्या," ती म्हणाली. आवाज अगदी गोड, नुकत्याच ओळखीच्या माणसाशी बोलावं तसा. "घ्या ना. निवंल."

राजेश्रीनं तोंडाला पदर लावला. साडी नव्हती, ओढणी होती, तीच लावली. सृष्टी धावत जाऊन दगडाबाईच्या मांडीवर चढली आणि म्हणाली, "मावशी." राजेश्री घाईनं म्हणाली, "आजी म्हण, सृष्टी, आजी!" दगडाबाईनं लेकराचे केस सारखे केले. "लेकराला कशाला बोलता? तिनं जे आयकलं ते शिकली."

तो खूप बोलला. साहेबांना उद्याच्या उद्या सांगतो म्हणाला, फोन लावायलाही निघाला. ती प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, पाहुण्याच्या बोलण्याला डोलवतात तशी. जेवण तिनं पुरणाचं केलं होतं. वाढतानाही 'अजून घ्या, संकोच करू नका' चाललं होतं. भांडली असती तर त्यानं तिला गाडीत घातलं असतं. भांडायला तिनं काही ठेवलंच नव्हतं.

निघताना तिनं मला राजेश्रीला कुंकू लावायला सांगितलं, आणि तिच्या ओटीत घालायला तो कोरा खण माझ्या हातात दिला. योगीराज पाया पडला. वाकला तो उठेचना. तिचे पाय धरून खाली बघतच म्हणाला, "माय, एकदा तू म्हण. शिवी दे, पर एकदा तू म्हण."

ती तशीच उभी राहिली. तिचा हात त्याच्या डोक्यापर्यंत गेला होता, मी पाहिला. मग तो हात पदराकडं वळला.

"उठा," ती म्हणाली. "उजेड हाय तवर निघा. पोचल्यावर फोन करा."

गाडी वळणाआड जाईपर्यंत ती दारात होती. मग आत आली, त्याचा कप विसळला, फडक्यानं कोरडा केला आणि पाहुण्यांच्या कपांत ठेवून दिला.